सही आणि साक्ष



बालपणीं शंखशिंपले, काड्यापेट्यांवरील चित्रें, पोस्टाचीं तिकिटें. वय वाढलें म्हणजे पुस्तकें, नाणीं, जुनीं भांडीं. संग्रह करण्याची ही हौस थोडीफार प्रत्येक मनुष्यांत असतेच. ह्या नाना छंदांपैकीं एक छंद आमच्या शाळेंतील मुलामुलींत वारंवार दृष्टीस पडतो; तो म्हणजे नामांकित व्यक्तींच्या स्वाक्षऱ्या जमविण्याचा. स्नेहसंमेलनास कोणी पाहुणे आले, कीं त्यांचें भाषण संपण्यापूर्वींच मागच्या बाकांवर वह्या बाहेर निघूं लागतात. ह्या छंदाची एक मोठी शाखा इंग्लंडांतील लोकप्रिय गायकांच्या सह्यांची आहे. तिची थोडी माहिती आज द्यावयाची आहे, आणि त्याचें निमित्त आमच्याच एका विद्यार्थ्यानें पुरविलें.

गेल्या वर्षीं शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. बाहेर पावसाची संततधार लागली होती. प्रार्थना आटोपून मी वर्गाकडे निघालों, तों इयत्ता नववींतील एक मुलगा दाराशीं उभा असलेला दिसला. त्यानें दप्तरांतून प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळलेलें एक छायाचित्र जपून बाहेर काढलें. कोट-टाय घातलेले, कपाळावर केस आलेले चार हसतमुख तरुण, आणि प्रत्येकाच्या छातीवर निळ्या शाईची एकेक सही. हे चौघे म्हणजे ‘बीटल्स’ नांवाचा जगप्रसिद्ध वाद्यवृंद. मुलाचे मामा घाटकोपरास राहतात. त्यांनीं तें चित्र जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून, आपल्या जवळजवळ महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मोजून, घेतलें होतें. विलायतेंत अशा चित्राचे लाखों रुपये येतात, असें विकणाऱ्यानें सांगितलें होतें. मुलाच्या थोरल्या बहिणीस परिचारिकेच्या शिक्षणासाठीं प्रवेश मिळाला होता, आणि तिची फी ह्या चित्रांतून निघेल अशी घरच्यांची आशा होती.

“सर, ह्या सह्या खऱ्या आहेत ना?” मुलानें विचारलें.

मला लगेच उत्तर देतां येईना. चित्र आठ दिवस माझ्याकडे ठेव, असें मी त्यास सांगितलें. त्या आठ दिवसांत व पुढेंही जें वाचलें, विचारलें आणि पाहिलें, त्याचें सार ह्या लेखांत आहे. त्या चित्राचें पुढें काय झालें, तें शेवटीं सांगेन.

प्रथम शब्दांकडे पाहूं. आपल्या भाषेंत ह्या वस्तूस तीन नांवें आहेत. ‘हस्ताक्षर’ म्हणजे हातानें लिहिलेलें अक्षर. ‘स्वाक्षरी’ म्हणजे स्वतःचें अक्षर. ‘सही’ हा शब्द मुळांत अरबी. त्याचा अर्थ ‘बरोबर’, ‘खरें’ असा आहे. म्हणजे खरेपणा हा ‘सही’ ह्या शब्दाच्या पोटांतच आहे, आणि ‘खोटी सही’ म्हणणें हा एक प्रकारें वदतोव्याघातच झाला! ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तर आपण रोज वापरतों. मराठेशाहींतील पत्रांच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर जेथें संपला तेथें मोर्तब उमटवीत. मोर्तब झालें म्हणजे लेखन संपलें. त्याखालीं कोणीं एखादी ओळ मागाहून घुसडूं नये, असा त्याचा उपयोग. लबाडी होऊं शकते, हें आपले पूर्वज पुरतें ओळखून होते.

वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें मिळविलीं. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि पुढें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. इतिहासाचा संशोधक हातीं आलेल्या प्रत्येक कागदास जणुं उलटतपासणीस उभा करतो. तूं कोणाच्या घरून आलास? हें अक्षर कोणाचें? कागद आणि शाई त्या काळची आहे काय? तुझ्यावरील तारीख इतर गोष्टींशीं जुळते काय? जो कागद ह्या प्रश्नांस उतरतो तोच साक्षीदार, बाकीची रद्दी. पेशव्यांचें पत्र असो वा गायकाचें चित्र असो, प्रश्न हेच विचारावयाचे असतात.

आतां त्या चौघांकडे वळूं. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे लिव्हरपूल बंदरांतील साध्या घरांतले तरुण. १९६२ च्या ऑगस्टांत रिंगो ह्या मेळांत आला आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांची पहिली तबकडी प्रसिद्ध झाली. आरंभीं ते लहान सभागृहांत गात, आणि दाराशीं थांबलेल्या मुलामुलींच्या वह्यांवर आनंदानें सह्या करीत. परंतु वर्षभरांतच त्यांच्यामागें अशी कांहीं गर्दी लागली, कीं त्यांस रस्त्यानें चालणें अशक्य झालें. पत्रांचे ढीग येऊं लागले. प्रत्येक पत्रांत मागणी एकच, सही! माणसाच्या हातास बोटें पांचच आणि दिवसाला तास चोवीसच. तेव्हां त्यांच्याबरोबर फिरणारे व्यवस्थापक नील ॲस्पिनॉल आणि मॅल एव्हान्स हेच चौघांच्या सह्या करून देऊं लागले. कधीं चौघांपैकीं एकच जण उरलेल्या तिघांचीं नांवें लिहून मोकळा होई. चाहत्यांना पाठविण्याच्या चित्रांवर तर सह्या छापूनच घेतलेल्या असत. ह्यांत कोणास लुबाडण्याचा हेतु नव्हता. चाहत्याचें मन मोडूं नये, एवढाच होता. पण ते कागद पुढें हातोहात गेले, त्यांमागील गोष्ट विसरली गेली, आणि आज ते खऱ्या सह्यांच्या किंमतीस विकावयास येतात.

ह्या चौघांपैकीं हॅरिसन याचा आपल्या मुंबईशीं संबंध आला होता. १९६६ च्या सप्टेंबरांत पंडित रविशंकर यांच्यापाशीं सतार शिकण्यासाठीं तो मुंबईस येऊन राहिला. पुढें १९६८ च्या जानेवारींत फोर्टमधील एच. एम. व्ही. कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यानें एका चित्रपटाचें संगीत मुद्रित केलें. ‘वंडरवॉल म्युझिक’ ह्या नांवानें तें त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें. त्यांत संतूर, बासरी, सरोद, शहनाई वाजविणारे सारे आपल्याकडील कलावंत होते. संतूरवादक शिवकुमार शर्मा आणि बासरीवादक एस. आर. केंकरे हे त्यांपैकींच. त्याच मुक्कामांत ‘द इनर लाइट’ ह्या बीटल्सच्या गीताचें वाद्यसंगीतही येथेंच मुद्रित झालें. ह्या गोष्टीकडे मी पुढें पुन्हां येणार आहें.

खरी नव्हे अशी सही पांच प्रकारची असूं शकते. पहिली छापील. दुसरी रबरी शिक्क्यानें उमटविलेली. तिसरी चिटणिसानें किंवा मदतनिसानें केलेली. चौथी यंत्राची. पांचवी सरळसरळ बनावट, म्हणजे फसविण्याच्याच हेतूनें केलेली.

यंत्राच्या सहीची हकीकत मौजेची आहे. एका यांत्रिक भुजेंत लेखणी बसवितात आणि ती भुजा सहीच्या ठरीव साच्यावरून फिरते. शाई खरी, लेखणी खरी. हात मात्र माणसाचा नाहीं. अमेरिकेचा कवि-गायक बॉब डिलन, ज्यास २०१६ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्याच्या एका पुस्तकाच्या सही केलेल्या ९०० प्रती २०२२ सालीं विक्रीस निघाल्या. किंमत प्रत्येकीं ५९९ डॉलर. प्रती हातीं पडतांच खरेदीदारांनीं आपापल्या सह्यांचीं छायाचित्रें ताडून पाहिलीं आणि त्यांना धक्का बसला. प्रकाशकांस पैसे परत करावे लागले, आणि डिलन यानें यंत्र वापरल्याची जाहीर कबुली देऊन दिलगिरी व्यक्त केली. ही चोरी कशी उघडकीस आली? सह्या वांकड्या होत्या म्हणून नव्हे, तर एकमेकींशीं फार जुळत होत्या म्हणून! जिवंत मनुष्य आपली सही दोनदां तंतोतंत सारखी करूं शकत नाहीं. तुम्ही स्वतःच दोन पातळ कागदांवर सही करून ते एकावर एक ठेवून उजेडासमोर धरून पहा, म्हणजे खात्री पटेल. थोडासा फरक ही खऱ्याची खूण आहे.

बनावट सह्यांचा धंदा केवढा मोठा आहे, ह्याचें एक उदाहरण देतों. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेच्या केंद्रीय तपासखात्यानें अशा सह्या करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध मोहीम उघडली. पकडलेल्या मालांत मुख्यतः खेळाडूंच्या सह्या होत्या. परंतु त्यांत मदर टेरेसा यांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही सांपडले! कलकत्त्याच्या रस्त्यांवरील मरणोन्मुखांना उचलून घरीं नेणारी ती माउली चेंडूंवर सह्या करीत बसली असेल काय, हा प्रश्न ज्यास सुचत नाहीं असें गिऱ्हाईक जगांत असतें, म्हणूनच असा माल तयार होतो.

आतां खऱ्या वस्तूंचें उदाहरण घेऊं, आणि त्यासाठीं प्रथम आपल्या सातारा जिल्ह्यांतील पांचगणीस जाऊं. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत १९५५ च्या सुमारास झांजिबारहून एक पारशी मुलगा शिकण्यास आला. त्याचें नांव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा. वसतिगृहांत तो पियानो शिकला, आणि चार मित्रांसह त्यानें ‘द हेक्टिक्स’ नांवाचा एक वाद्यवृंदही काढला. सोबती त्यास फ्रेडी म्हणत. १९६३ सालीं तो झांजिबारला परतला. दुसऱ्याच वर्षीं तेथें क्रांति झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडांत आलें. १९७० च्या सुमारास ‘क्वीन’ ह्या वाद्यवृंदाची स्थापना झाली, आणि पांचगणीचा तो मुलगा फ्रेडी मर्क्युरी ह्या नांवानें पुढें जगास माहीत झाला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला.

लंडनमधील त्याचें घर आणि घरांतील वस्तु त्यानें आपल्या एका विश्वासू मैत्रिणीस दिल्या होत्या. तिनें त्या तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळल्या, आणि २०२३ च्या सप्टेंबरांत सॉदबीज् ह्या लिलावसंस्थेमार्फत विकल्या. एकंदर विक्री सुमारें ३ कोटी ९९ लक्ष पौंडांची झाली. तिचा कांहीं भाग एड्सग्रस्तांसाठीं कार्य करणाऱ्या संस्थांना देण्यांत आला. ज्या पियानोवर त्यानें आपलीं गीतें रचलीं तो १७ लक्ष पौंडांवर गेला. १९७५ सालीं गाजलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ ह्या गीताच्या हस्तलिखित खर्ड्यास १३ लक्ष पौंडांहून अधिक किंमत आली. तो खर्डा एका विमानकंपनीच्या साध्या कागदांवर लिहिलेला आहे, आणि त्यावर ‘बोहेमियन’ पूर्वीं लिहिलेला ‘मंगोलियन’ हा शब्द खोडलेला दिसतो. मुलांनो, निबंधाच्या वहींतील खाडाखोडीबद्दल मी तुम्हांस रागें भरतों खरा. पण विचार करतां करतां झालेल्या खाडाखोडीचें मोल केवढें असूं शकतें, तें येथें पहा!

ह्या वस्तूंस एवढ्या किंमती कां आल्या? मालक प्रसिद्ध होता हें तर खरेंच. पण तितकेंच महत्त्वाचें कारण असें, कीं त्या वस्तु त्याच्या घरांतून सरळ लिलावगृहांत आल्या. मध्यें एकही अंधारी पायरी नव्हती. वस्तु कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली, ह्या साखळीस वस्तूची वंशावळ म्हणावें. पत्रिकेंत लग्न जमतांना गोत्र पाहतात, तसें संग्राहक ही वंशावळ पाहतो. ती अखंड असेल तर वस्तूस वजन येतें. मधली एक कडी जरी निखळली, तरी संशय शिरतो.

त्याच लिलावांत आणखी एक वस्तु होती: घराच्या बागेच्या भिंतींतील हिरवें दार. त्यावर फ्रेडीची सही नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर देशोदेशींहून तेथें आलेल्या चाहत्यांनीं त्या दारावर आपलीं नांवें, निरोप आणि प्रेमाचे शब्द लिहून ठेविले होते. लिलावसंस्थेनें त्याचा अंदाज १५ ते २५ हजार पौंडांचा बांधला होता. तें ४ लक्ष १२ हजार ७५० पौंडांस गेलें! ज्यांस कोणी ओळखीत नाहीं अशा माणसांच्या हस्ताक्षरांचें तें दार. लेखणी धरणाराच तेवढा मोठा असावा लागतो असें नाहीं. आपण येथें आलों होतों, ही साक्ष खरी असली म्हणजे तिलाही मोल येतें.

आतां पारखीच्या कांहीं रीति सांगतों. त्या घरच्या घरीं करून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली रीत भिंगाची. दहापट मोठें दाखविणारें भिंग घेऊन सहीकडे पहावें. छापील सही असेल तर रेघ बारीक बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते, आणि तेच ठिपके भोवतालच्या चित्रांतही असतात. खरी शाई असेल तर ती कागदावर सलग बसलेली दिसते. जेथें रेघेवरून रेघ गेली तेथें ती अधिक गडद होते. बॉलपेनची सही असेल तर तिरप्या उजेडांत त्याच्या दाबाची बारीक चरही दिसते.

दुसरी रीत वेगाची. माणूस आपली सही न पाहतां झरझर करतो. म्हणून रेघेच्या आरंभीं व अंतीं ती निमुळती होत जाते. नक्कल करणारा जपून, थबकत लिहितो. त्याची रेघ सर्वत्र सारख्या जाडीची, कांपरी आणि शेवटीं बोथट असते. बारकाईनें पाहिलें तर मध्येंच लेखणी उचलून पुन्हां टेकल्याच्या जागाही दिसतात.

तिसरी रीत काळाची. बॉलपेन अमेरिकेंत सर्रास विकूं लागलें तें १९४५ च्या अखेरीस. बारीक टोंकाची, कशावरही उमटणारी शाईकांडी तेथें १९६४ सालीं निघाली. वस्तूवरची तारीख आणि लेखणीचा जन्म ह्यांचा मेळ बसला पाहिजे. नांवांचाही मेळ पाहावा. रिंगो ऑगस्ट १९६२ मध्यें बीटल्समध्यें आला. त्याआधींच्या तारखेच्या कागदावर चौघांच्या सह्यांत त्याचें नांव असलें तर संशय घ्यावा. पांचगणीच्या शाळेंतील एखादी वही कोणीं पुढें केली आणि तींत विद्यार्थ्यानेंच त्या वेळीं ‘फ्रेडी मर्क्युरी’ अशी सही केली आहे असें सांगितलें, तर ती वही आपल्याच तोंडानें आपली लबाडी कबूल करते. कारण मर्क्युरी हें नांव त्यानें घेतलें तें शाळा सोडून गेल्यानंतर कित्येक वर्षांनीं.

चौथी रीत ताडून पाहण्याची. सही वयाबरोबर बदलते. १९६३ ची सही १९६३ च्याच खात्रीच्या नमुन्याशीं ताडावी, पुढील काळाच्या नव्हे. तुमची पांचवींतील सही आणि आजची सही शेजारीं ठेवा, म्हणजे हें समजेल.

पांचवी रीत, आणि माझ्या मतें सर्वांत मोठी, वंशावळीची. विकणाऱ्यास शांतपणें विचारावें: ही तुमच्याकडे कोठून आली? सही केली तेव्हां कोण हजर होतें? कांहीं पत्र, तिकीट, छायाचित्र आहे काय? कित्येक विक्रेते वस्तूबरोबर प्रमाणपत्र देतात. परंतु जो सही बनवूं शकतो तो प्रमाणपत्र बनवूं शकणार नाहीं काय? प्रमाणपत्राची किंमत तें देणाऱ्याच्या नांवलौकिकाएवढीच असते. आणि पालकांस एक विनंती: ‘आज घ्या, उद्यां मिळणार नाहीं’ अशी घाई जो विक्रेता करतो, त्याच्या दुकानांतून त्या दिवशीं रिकाम्या हातानें परतावें. खरी वस्तु प्रश्नांना भीत नाहीं.

खरी सही मिळविली, तरी ती सांभाळावयास हवी. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आपण सारे समुद्राच्या आणि खाडीच्या हवेंत राहतों. चार महिने पाऊस. भिंतींना ओल येते, कागदाला बुरशी धरते. म्हणून स्वाक्षरी-वही बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटांत ठेवूं नये. उन्हांत तर मुळींच ठेवूं नये, कारण उन्हानें शाई विटते. चौकट करून लावावयाची असेल तर सूर्यप्रकाश पोहोंचत नाहीं अशी भिंत निवडावी आणि कांच कागदाला चिकटूं देऊं नये. चिकटपट्टी लावूं नये. तिचा गोंद कांहीं वर्षांत पिवळा पडून कागदांत मुरतो. प्लॅस्टिकचें पक्कें आवरण गरम करून चढवितात, तेंही करूं नये. तें पुन्हां निघत नाहीं. आम्लरहित कागदाचा लिफाफा उत्तम. पावसाळा संपला, कीं एखाद्या कोरड्या दिवशीं वही सावलींत उघडून पाहावी. कसर आणि वाळवी यांना शांतता फार आवडते. माहिती लिहावयाची ती मागील बाजूस, पेन्सिलीनें, हलक्या हातानें.

ही माहिती कोणती? तारीख, स्थळ, प्रसंग, आणि सही घेणाऱ्याचें नांव. पन्नास वर्षांनंतर तुमच्या नातवास ती वही सांपडेल तेव्हां त्याच्याजवळ विचारावयास तुम्ही नसाल. ह्या चार ओळीच वंशावळीची पहिली कडी होतील. स्वाक्षरी मागण्याचीही एक रीत आहे. समोरचें माणूस जेवत असतांना, घाईंत असतांना किंवा दुःखांत असतांना वही पुढें करूं नये. नकार मिळाला तर नमस्कार करून परतावें. महात्मा गांधी स्वाक्षरीसाठीं पांच रुपये घेत आणि ते हरिजन फंडांत जमा करीत. आपल्या नांवाची ओढ लोकांना आहे, तर तिच्यांतून गरिबांचें कांहीं भलें व्हावें, ही त्यांची दृष्टि. हौसेलाही कांहीं देणें द्यावें लागतें, हें त्यावरून शिकण्यासारखें आहे.

आजच्या गायकांच्या सह्या मिळविणें पूर्वींपेक्षां कठीण झालें आहे. ब्रिटिश गायक एड शीरन मार्च २०२४ मध्यें महालक्ष्मीच्या मैदानांत गाऊन गेला. ‘कोल्डप्ले’ ह्या ब्रिटिश वाद्यवृंदानें जानेवारी २०२५ मध्यें नवी मुंबईंत तीन दिवस कार्यक्रम केले. आमचे कित्येक माजी विद्यार्थी ते ऐकावयास गेले होते. परंतु त्या अफाट गर्दींत गायकाच्या हाताजवळ कोण पोहोंचणार? म्हणून माझी सूचना अशी, कीं हा छंद जवळून सुरू करावा. मघाशीं सांगितलेलें १९६८ चें ध्वनिमुद्रण आठवा. हॅरिसनची सही जगभर शोधली जाते. पण त्याच तबकडींत बासरी, संतूर, शहनाई वाजविणाऱ्या आमच्या वादकांच्या दारीं वही घेऊन कितीसे गेले असतील? आपल्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही गोव्याचे कितीतरी ख्रिस्ती वादक होते. त्यांपैकीं अँथनी गोन्साल्विस हे नामांकित व्हायोलिनवादक आणि शिक्षक. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटांतील गाण्यांत त्यांचें नांव गुंफून गुरुदक्षिणा दिली. नांव घरोघरीं पोहोंचलें. मनुष्य मात्र थोड्यांनाच माहीत होता. असे वादक, असे शिक्षक आजही आपल्या उपनगरांत, कदाचित् तुमच्याच इमारतींत, राहत असतील. त्यांच्याकडे जा. त्यांच्याजवळ बसून दोन गोष्टी ऐका, आणि मग सही मागा. ती सही बनावट आहे काय, हा प्रश्न तुम्हांस कधींच पडणार नाहीं.

आतां त्या छायाचित्राची गोष्ट पुरी करतों. आठव्या दिवशीं तो मुलगा आणि त्याचे मामा दोघेही शाळेंत आले. मी कांहीं न बोलतां प्रयोगशाळेंतील भिंग मुलाच्या हातांत दिलें. तो बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “मामा, ठिपके आहेत. कोटावर आहेत तसेच सहीवर आहेत.” मामांनीं स्वतः पाहिलें, आणि भिंग टेबलावर ठेवून दिलें. चाहत्यांना पाठवीत त्या जातीचें, सह्यांसकट छापलेलें तें चित्र होतें. सांत्वनाचा शब्द मला सुचेना.

पुढें मला मुलाकडूनच कळलें, कीं त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं सुचविलें होतें: “तुम्ही फसलांत तसा दुसरा कोणी फसेल. गप्प राहून विकून टाका. निदान घातलेले पैसे तरी सुटतील.” फी भरण्याची मुदत जवळ आली होती, आणि सल्ला मोह पाडणारा होता. मामांनीं तो मानला नाहीं. त्यांनीं पतपेढींतून कर्ज काढून भाचीची फी भरली. तें कर्ज ते अजून फेडीत आहेत, आणि ती मुलगी आतां दुसऱ्या वर्षांत आहे.

छायाचित्र त्यांनीं फाडून टाकलें नाहीं. तें भाच्याला दिलें, आणि देण्यापूर्वीं पाठीमागें एक ओळ लिहिली. मीं ती पाहिली आहे. ‘ह्या सह्या छापील आहेत, खऱ्या नव्हेत,’ आणि तिच्याखालीं तारीख व स्वतःची सही. पेन्सिलीनें नव्हे, कोणालाही सहज खोडतां येणार नाहीं अशा शाईनें.

माझ्या वरील नियमाचा त्यांत भंग झाला खरा. पण त्या छायाचित्रावर आतां एक खरी सही आहे.